टर्मिनलची विंडो उघडतानाच हव्या मापाची: कॉलम आणि ओळी कायमच्या कशा बसवायच्या

गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत शिफ्ट संपली की दिवसाचा रिपोर्ट टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या विंडोत, उघडतात. हीट नंबर, पार्ट नंबर, ओतलेलं वजन, चांगले नग आणि सगळ्यात शेवटी रिजेक्शन, अशी एकेक लांब ओळ. रिपोर्ट रुंद कागदाच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरसाठी बांधलेला, म्हणून ओळीत १३२ अक्षरं. टर्मिनलची विंडो उघडते ८० अक्षरांची. उरलेली ५२ अक्षरं खालच्या ओळीवर घसरतात आणि रिजेक्शनचा आकडा अर्ध्यात, वजनाच्या रकान्याखाली जाऊन बसतो. तिथला ऑपरेटर मला म्हणाला, "सर, आकडं सगळं बरोबर हाईत, पण वजन कुठलं आणि रिजेक्शन कुठलं त्येच कळंना झालंय." रोज तो माऊसनं विंडोचा कोपरा ओढायचा, रिपोर्ट परत मागवायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

हे काम एकदाच करायचं असतं. आपण रोज जे वाचतो त्याची रुंदी मोजायची, ती टर्मिनलच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे सेव्ह केलेल्या सेटिंगच्या संचात, लिहायची, आणि कोपरा ओढणं बंद करायचं. अडचण फक्त एवढीच की प्रत्येक टर्मिनलनं हे सेटिंग वेगळ्या जागी ठेवलंय. शिवाय सेटिंग बरोबर करूनही विंडो जुन्याच मापात उघडण्याची चार-पाच कारणं आहेत. दोन्हींबद्दल नीट लिहितो.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, फोनवर एखाद्याला सांगतो तशा. टाइप करताना त्या इंग्रजी कीबोर्डवर, छोट्या अक्षरांत टाकायच्या. जिथे कॅपिटल हवं तिथे तसं सांगितलंय. आकडेही इंग्रजीच टाकायचे.

टर्मिनल पिक्सेल मोजत नाही

ब्राउझरची विंडो पिक्सेलमध्ये मोजली जाते. टर्मिनल मात्र गणिताच्या चौकटीच्या वहीसारखं आहे: एका चौकोनात एक अक्षर, आडवे किती चौकोन आणि उभे किती, एवढाच हिशोब. आडव्या चौकोनांना कॉलम म्हणतात आणि उभ्यांना ओळी. सेटिंगमध्ये "८० बाय २४" दिसतं त्याचा अर्थ ८० कॉलम, २४ ओळी.

हा ८०चा आकडा आला कुठून? आयबीएमनं १९२८ साली ८० रकान्यांचं पंच कार्ड आणलं. त्या कार्डावरच डेटा ठेवायची सवय पडल्यामुळे पुढे पडदेही ८० अक्षरांचे झाले. १९७८ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचं व्हीटी-१०० टर्मिनल आलं, ८० कॉलम आणि २४ ओळींचं. आज आपण जी टर्मिनल वापरतो ती बहुतेक त्याच व्हीटी-१००च्या वागण्याची नक्कल करतात, म्हणून मापही तेच चालत आलंय. व्हीटी-१००मध्ये १३२ कॉलमचा वेगळा मोडही होता, कारण मोठ्या ऑफिसांतले लाइन प्रिंटर ओळीला १३२ अक्षरं छापायचे. फाउंड्रीतल्या रिपोर्टचा १३२चा आकडा त्याच घराण्यातला.

चौकोनाची साईज फॉन्टवर ठरते. फॉन्ट मोठा केला की तेवढ्याच कॉलमसाठी विंडो जास्त जागा खाते. त्यामुळे फॉन्ट आधी पक्का करा, कॉलम नंतर. उलट क्रमानं गेलात तर दोनदा काम पडतं.

आधी मोजा

दोन गोष्टी मोजायच्या आहेत: तुम्हाला किती हवं, आणि तुमच्या स्क्रीनवर किती मावतं.

किती मावतं हे बघायला टर्मिनलची विंडो मॅक्सिमाइझ करा आणि "एस-टी-टी-वाय, स्पेस, साइझ" ही कमांड द्या. लिनक्स आणि मॅक दोन्हींवर चालते. उत्तरात दोन आकडे येतात, समजा ३४ आणि १३६. इथे लक्ष द्या: ही कमांड आधी ओळी सांगते, मग कॉलम. बाकी जवळजवळ सगळीकडे, म्हणजे मेनूत, सेटिंगमध्ये, लोकांच्या बोलण्यात, आधी कॉलम आणि मग ओळी असतात. ३४ आणि १३६ जसेच्या तसे सेटिंगमध्ये उतरवले की ३४ कॉलमची, वीजबिलाच्या कागदाएवढी अरुंद आणि स्क्रीनच्या खाली जाणारी उंच विंडो उघडते. गोंधळ नको असेल तर "टी-पुट, स्पेस, कोल्स" द्या, ती फक्त कॉलम सांगते. "टी-पुट, स्पेस, लाइन्स" फक्त ओळी सांगते. कोल्स म्हणजे सी-ओ-एल-एस.

राजारामपुरीत क्लासला येणाऱ्या बऱ्याच मुलांकडे अजून १३६६ बाय ७६८ पिक्सेलचे लॅपटॉप आहेत. त्यावर अक्षराचा चौकोन १० पिक्सेल रुंद आणि २० उंच धरला तर आडवे १३६ कॉलम मावतात. उंचीत वरची पट्टी आणि टास्कबार वजा जाता ७०० पिक्सेल उरले, तर ३५ ओळी. म्हणजे १३२ कॉलम बसतात, पण जेमतेम. १९२० पिक्सेलच्या मॉनिटरवर अर्ध्या भागात टर्मिनल आणि अर्ध्या भागात ब्राउझर ठेवायचा असेल, तर ९६० भागिले १०, म्हणजे ९६ कॉलम. मॉनिटर मोठा असला तरी अशा मांडणीत १३२ बसत नाहीत, हे आधी कळलेलं बरं.

आता किती हवं. लिनक्सवर याला फार सोपी कमांड आहे: "डब्ल्यू-सी, स्पेस, हायफन, कॅपिटल एल" आणि पुढे फाइलचं नाव. ती फाइल वाचते आणि सगळ्यात लांब ओळीची रुंदी सांगते. तुमच्या नेहमीच्या दोन-चार फाइलींवर ती चालवा. लॉग फाइलमध्ये एखादीच ओळ ४०० अक्षरांची निघते, तिच्यामागे जाऊ नका. नेहमीच्या ओळी जिथे संपतात तो आकडा धरा.

पायथन लिहिणाऱ्यांसाठी आकडा जवळपास ठरलेलाच आहे. पायथनची अधिकृत शैली, पेप ८, ओळीला ७९ अक्षरं सांगते. एडिटरमध्ये डावीकडे ओळींचे नंबर दिसतात, त्यांना पाच-सहा कॉलम लागतात. म्हणून ८० कॉलमच्या विंडोत ७९ अक्षरांची ओळसुद्धा मोडते. ९० ठेवलेत तर सुखानं बसते. लिनक्स कर्नेलनं २०२०मध्ये तपासणीची मर्यादा ८० वरून १०० केली. सी लिहिणाऱ्यांनी ११० ठेवायला हरकत नाही.

रुंदी कमी पडली तर ओळी फक्त खाली घसरतात असं समजू नका. काही प्रोग्रॅम पुढचा भाग दाखवतच नाहीत. चालू प्रोसेस दाखवणारी "पी-एस" कमांड विंडोच्या कडेला ओळ कापून टाकते. एकाच नावाचे दोन जावा प्रोग्रॅम चालू असतील आणि त्यांच्यातला फरक ओळीच्या शेवटी असेल, तर अरुंद विंडोत ते हुबेहूब सारखे दिसतात आणि भलताच बंद केला जातो. सर्व्हर सांभाळणाऱ्यानं रुंदीकडे लक्ष द्यायचं ते यासाठी.

नोम टर्मिनल

उबंटूवर वर्षानुवर्षं हेच होतं, आणि आपल्याकडच्या कॉलेजांच्या लॅबमध्ये अजून हेच जास्त दिसतं, म्हणून पायरीपायरीनं सांगतो.

टर्मिनल उघडा. उजव्या कोपऱ्यातल्या तीन रेघांच्या मेनूत प्रेफरन्सेस निवडा. उघडणाऱ्या विंडोत डावीकडे यादी असते, त्यात प्रोफाइल्स या मथळ्याखाली तुमचं प्रोफाइल दिसेल. तुम्ही नाव दिलं नसेल तर तिथे अननेम्ड लिहिलेलं असतं. त्यावर क्लिक करा. उजवीकडे टेक्स्ट हा टॅब आधीपासून उघडाच असतो आणि त्यात सगळ्यात वर इनिशियल टर्मिनल साइझ असं सेटिंग आहे, कॉलम ८० आणि रोज (आर-ओ-डब्ल्यू-एस, म्हणजे ओळी) २४. तिथे तुमचे आकडे टाका. शेजारी रीसेटचं बटण आहे, बिघडलं तर परत ८० बाय २४ करता येतं.

वेगळं सेव्ह करावं लागत नाही, विंडो बंद केली की झालं. समोर उघडं असलेलं टर्मिनल मात्र आहे त्याच मापात राहील. नवी विंडो उघडा तेव्हा फरक दिसेल. नवा टॅब उघडून तपासू नका. टॅब आहे त्या विंडोत उघडतो, त्यामुळे तो जुन्याच मापात बसतो, आणि सेटिंग लागलंच नाही असं वाटतं.

याच पानावर खाली सेल स्पेसिंग नावाचं सेटिंग आहे, त्याबद्दल मराठीच्या भागात बोलू.

एकच माप सगळ्या कामांना पुरत नाही, तेव्हा दोन प्रोफाइल करा. प्रोफाइल्स मथळ्याशेजारच्या अधिकच्या चिन्हावर क्लिक करून नवं प्रोफाइल बनवा, त्याला रिपोर्ट असं नाव द्या, आणि त्यात १३२ बाय ३२ ठेवा. रोजच्या कामाचं प्रोफाइल ९० बाय ३० राहू दे. फाउंड्रीत आम्ही हेच केलं. ऑपरेटर संध्याकाळी नवी विंडो रिपोर्ट प्रोफाइलनं उघडतो आणि रिजेक्शनचा रकाना उजव्या कडेला, जिथे असायला हवा तिथेच दिसतो.

प्रोफाइलला हात न लावता एखाद्या वेळेपुरतं माप द्यायचं असेल तर कमांडनंही देता येतं: "जी-एन-ओ-एम-ई, हायफन, टर्मिनल, स्पेस, दोन हायफन, जॉमेट्री, बरोबरचं चिन्ह, १३२, एक्स, ३२". जॉमेट्रीपासून पुढे कुठेही स्पेस नाही. हीच कमांड सिस्टिम सेटिंग्जमधल्या कीबोर्ड भागात कस्टम शॉर्टकट म्हणून नोंदवली की दोन बटणं दाबून रुंद टर्मिनल हजर. कमांडच्या शेवटी विंडोची जागाही लिहिता येते, पण वेलँडवर (विंडो पडद्यावर दाखवायची लिनक्सची नवी पद्धत) चालणारा डेस्कटॉप ती जागा मानत नाही. माप मानतो.

उबंटू २५.१०पासून सोबत येणारं टर्मिनल बदललंय आणि त्याचे मेनू वेगळे आहेत. वर सांगितलेली पद्धतच हवी असेल तर नोम टर्मिनल वेगळं इन्स्टॉल करून वापरता येतं.

केडीईचं कन्सोल आणि बाकीची लिनक्स टर्मिनल

कन्सोल म्हणजे केडीई या लिनक्स डेस्कटॉपचं टर्मिनल. त्यात लोक अडकतात ते दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे, सोबत येणारं मूळ प्रोफाइल बदलता येत नाही. सेटिंग्ज मेनूतून प्रोफाइल्सच्या यादीत जा, नवं प्रोफाइल बनवा, त्याच्या जनरल भागात इनिशियल टर्मिनल साइझचे कॉलम आणि रोज भरा, आणि हे नवं प्रोफाइल डिफॉल्ट म्हणून ठरवा. दुसरं म्हणजे, कन्सोलच्या मुख्य सेटिंगमध्ये शेवटची विंडो साईज लक्षात ठेवण्याचा एक चौकोन असतो. त्यावर टिक असेपर्यंत प्रोफाइलमधल्या मापाला काही किंमत नाही. काल विंडो जेवढी ओढून बंद केली तेवढीच ती आज उघडणार. टिक काढा.

एक्सएफसीई टर्मिनलमध्ये एडिट मेनू, प्रेफरन्सेस, अपिअरन्स टॅब, तिथे डिफॉल्ट जॉमेट्री. विषय संपला.

अलाक्रिटी आणि किटी वापरणाऱ्यांना मेनू नसतो, फाइलच लिहावी लागते. अलाक्रिटीच्या सेटिंग फाइलमध्ये विंडो या भागात डायमेन्शन्स असतं, त्यात कॉलम्स आणि लाइन्स दोन्ही लिहायचे. किटीत मात्र आधी "रिमेंबर अंडरस्कोर विंडो अंडरस्कोर साइझ" याच्यापुढे नो लिहावं लागतं, कन्सोलसारखंच. मग इनिशियल विंडो विड्थ आणि हाइटच्या आकड्यामागे लगेच छोटा सी जोडा. सी जोडलात तर किटी तो आकडा कॉलम आणि ओळींचा धरतं. नाही जोडलात तर पिक्सेलचा, आणि १३२ पिक्सेलची विंडो म्हणजे काडेपेटीच उघडते.

विंडोज

विंडोजवर दोन वेगळे प्रोग्रॅम आहेत आणि कुठला उघडलाय हे आधी ओळखायला हवं. वर टॅब दिसत असतील तर ते विंडोज टर्मिनल. टॅब नसलेली साधी काळी विंडो असेल तर जुना कन्सोल.

विंडोज टर्मिनलमध्ये कंट्रोल आणि स्वल्पविराम दाबा, सेटिंग्ज उघडतात. डावीकडे स्टार्टअप निवडा. तिथे लाँच साइझ सापडेल, मूळ आकडे १२० कॉलम आणि ३० रोज. बदला आणि खाली उजवीकडचं सेव्ह दाबा. हे सेव्ह दाबायचं बरेच जण विसरतात, कारण लिनक्सवर ते लागत नाही. त्याच पानावर लाँच मोडही आहे. तो मॅक्सिमाइझ्ड किंवा फुल स्क्रीन असेल तर तुमचे आकडे बाजूला राहतात, म्हणून तो डिफॉल्टवर ठेवा.

इथे माप पूर्ण प्रोग्रॅमला एकच असतं. पॉवरशेलला वेगळं आणि कमांड प्रॉम्प्टला वेगळं, असं प्रोफाइलमध्ये देता येत नाही. त्यावर तोडगा म्हणजे डेस्कटॉपवर शॉर्टकट बनवायचा आणि त्याच्या टार्गेटमध्ये "डब्ल्यू-टी, स्पेस, दोन हायफन, साइझ, स्पेस, १३२, स्वल्पविराम, ३२" असं लिहायचं.

जुन्या कन्सोलमध्ये वरच्या पट्टीवर राइट क्लिक केलं की डिफॉल्ट्स आणि प्रॉपर्टीज असे दोन पर्याय येतात. प्रॉपर्टीज फक्त त्या शॉर्टकटपुरतं लागू होतं. सगळीकडे हवं असेल तर डिफॉल्ट्स निवडा. लेआउट टॅबमध्ये विंडो साइझची विड्थ आणि हाइट आहे, आणि तिच्यावर स्क्रीन बफर साइझ. विंडोची रुंदी बफरपेक्षा जास्त ठेवता येत नाही, म्हणून बफरची विड्थ आधी वाढवा. बफरची हाइट म्हणजे मागे किती ओळी स्क्रोल करता येतील ते. ती हजारांत ठेवलीत तर जुनं आउटपुट हाताशी राहतं.

विंडोज ११वर ऑक्टोबर २०२२च्या अपडेटपासून कमांड प्रॉम्प्टसुद्धा आपोआप विंडोज टर्मिनलमध्येच उघडतो. त्यामुळे जुन्या कन्सोलच्या प्रॉपर्टीजमध्ये केलेला बदल लागू पडत नाही. शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये नवा कॉम्प्युटर आल्यावर नेमकं हेच झालं होतं. सेटिंग नव्या जागी केल्यावर पाच मिनिटांत काम झालं.

पुटी

ऑफिसातून किंवा घरून लांबच्या सर्व्हरवर जाणारे आपल्याकडचे बहुतेक जण विंडोजवर पुटी वापरतात. त्याच्या सेटिंगची पद्धत जरा उलटी आहे आणि क्रम चुकला की बदल टिकत नाही, म्हणून थोडं सावकाश बघा.

पुटी उघडल्यावर सेशन हे पान दिसतं. सेव्ह केलेल्या सेशन्सच्या यादीत डिफॉल्ट सेटिंग्ज असं पहिलंच नाव आहे. त्यावर एकदा क्लिक करा आणि लोड दाबा. मग डावीकडच्या यादीत विंडो निवडा. कॉलम्स ८० आणि रोज २४ दिसतील, ते बदला. आता परत सेशन पानावर या, डिफॉल्ट सेटिंग्जवर पुन्हा क्लिक करा आणि सेव्ह दाबा. शेवटची ही पायरी गाळून थेट ओपन दाबलं तर माप त्या एका वेळेपुरतं राहतं.

आधीपासून सेव्ह केलेल्या सर्व्हरना मात्र हा बदल लागत नाही. प्रत्येक सेशन आपलं माप स्वतःजवळ ठेवतं. प्रत्येकाला लोड, बदल, सेव्ह असं करावं लागेल. दहा-बारा सर्व्हर असतील तर चहा घेत बसून एकदाच उरकून टाका.

विंडो पानावरच कोपरा ओढल्यावर काय व्हावं तेही ठरवता येतं: कॉलम-ओळी बदलाव्यात, की फॉन्ट लहानमोठा व्हावा, की ओढताच येऊ नये. फाउंड्रीच्या काउंटरसारख्या ठिकाणी, जिथे एकाच कॉम्प्युटरवर तिन्ही शिफ्टची माणसं बसतात, तिथे मी ओढणं पूर्ण बंद करतो. १३२ कॉलमचा रिपोर्ट मग सगळ्यांना सारखाच दिसतो.

मॅक

टर्मिनल मेनू, सेटिंग्ज, प्रोफाइल्स. प्रोफाइल निवडून विंडो टॅबमध्ये कॉलम्स आणि रोज भरा. यादीच्या खाली डिफॉल्ट असं बटण आहे, ते दाबलंत तरच नव्या विंडो या प्रोफाइलनं उघडतील. दुसऱ्याच प्रोफाइलचं माप बदलून डिफॉल्ट न दाबणं, हेच मॅकवर "सेटिंग लागत नाही" या तक्रारीचं बहुतेक वेळा कारण असतं.

सेटिंग बरोबर, तरी विंडो जुन्याच मापाची

कारणं ठरलेली असतात. टॅब उघडून तपासलं, प्रोफाइल डिफॉल्ट केलं नाही, शेवटची साईज लक्षात ठेवण्याचं सेटिंग चालू राहिलं, ही तीन वर आलीच.

चौथं कारण म्हणजे माप स्क्रीनवर मावतच नाही. १३६६च्या लॅपटॉपवर १६० कॉलम मागितले तर विंडो मॅनेजर विंडो आत दाबून बसवतो आणि मिळतात १३६. "एस-टी-टी-वाय साइझ" देऊन खरोखर किती मिळाले ते बघा. फॉन्ट एक-दोन पॉइंटनं कमी केला की कॉलम वाढतात, पण वाचताना डोळ्यांना त्रास होत असेल तर हा मार्ग नको. त्यापेक्षा फाइल "एल-ई-एस-एस, स्पेस, हायफन, कॅपिटल एस" लावून उघडा. ओळी मोडत नाहीत, डाव्या-उजव्या बाणाच्या बटणांनी आडवं सरकता येतं.

पाचवं कारण: विंडो रुंद दिसते, पण आतला प्रोग्रॅम ८० कॉलमवरच थांबतो. अशा वेळी होम फोल्डरमधली बॅशची, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड वाचणाऱ्या प्रोग्रॅमची, सेटिंग फाइल बघा. कधीतरी कुणीतरी तिथे कॉलम्स नावाचं व्हेरिएबल ८० करून एक्सपोर्ट केलेलं असतं. बरेच प्रोग्रॅम विंडोला विचारण्याआधी या व्हेरिएबलवर विश्वास ठेवतात. ती ओळ काढा, नवी विंडो उघडा.

मराठी फाइली आणि मराठी नावं

टर्मिनलचा चौकोन इंग्रजी अक्षराच्या मापाचा असतो. देवनागरीत एका अक्षराला वेलांटी, रफार, उकार, जोडाक्षर असं बरंच काही लागतं. यातली काही चिन्हं टर्मिनल शून्य रुंदीची मोजतं आणि काना किंवा वेलांटीसारखी काही एका पूर्ण चौकोनाची. म्हणून गावांची मराठी नावं असलेली यादी, समजा हातकणंगले, गडहिंग्लज, पन्हाळा, शाहूवाडी, टर्मिनलमध्ये सरळ रकान्यात उभी राहत नाही. विंडो कितीही रुंद केली तरी ती सरळ होणार नाही. अशी यादी स्प्रेडशीटमध्ये उघडणं हाच बरा मार्ग.

उंचीचं मात्र काहीतरी करता येतं. इंग्रजीच्या मापाच्या चौकोनात देवनागरीची वरची मात्रा मागच्या ओळीला टेकते आणि खालचा उकार कापला जातो, "कुरुंदवाड"मधला "कु" आणि "रुं" बघा. नोम टर्मिनलमध्ये टेक्स्ट टॅबवरच्या सेल स्पेसिंगमध्ये उंचीचा आकडा १.० वरून १.२ करा, रुंदीचा १.०च ठेवा. उकार मोकळे होतात. चौकोन उंच झाल्यामुळे आता स्क्रीनवर पूर्वीपेक्षा कमी ओळी मावतील: ३५ मावत होत्या तिथे २९. म्हणून ओळींचा आकडा हे केल्यानंतर पुन्हा ठरवा.

सर्व्हर, सिरियल केबल आणि टीमक्स

एसएसएचनं दुसऱ्या मशीनवर गेलात तर विंडोचं माप आपोआप तिकडे कळवलं जातं. कोपरा ओढला की सिगविंच नावाचा सिग्नल जातो आणि समोरचा एडिटर स्वतःला नव्या मापात मांडतो. काही करावं लागत नाही.

सिरियल केबलनं स्विचला किंवा एखाद्या मशीनच्या कंट्रोल बोर्डला जोडलंत तर ही सोय नसते. केबलमधून फक्त अक्षरं जातात, माप जात नाही. समोर लिनक्स असेल तर ते बहुतेक ८० बाय २४ धरून चालतं, आणि तुमच्या मोठ्या विंडोच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातच एडिटर उघडतो. लॉगिन झाल्यावर हातानं सांगा: "एस-टी-टी-वाय, स्पेस, रोज, स्पेस, ३२, स्पेस, कोल्स, स्पेस, १३२". रोज म्हणजे आर-ओ-डब्ल्यू-एस. आकडे तुमच्या विंडोचे टाका. दर लॉगिनला हे करावं लागतं.

टीमक्स म्हणजे विंडो बंद झाली तरी टर्मिनलमधलं काम चालू ठेवणारा प्रोग्रॅम. त्यात दोघं एकाच सेशनला वेगवेगळ्या मापाच्या विंडोतून जोडलेले असतील तर एकाच्या स्क्रीनवर काम छोट्या चौकटीत दिसतं आणि उरलेल्या जागेत ठिपके भरलेले असतात. टीमक्समध्ये विंडो हायफन साइझ असा ऑप्शन आहे. नव्या आवृत्तीत तो लेटेस्टवर असतो, म्हणजे ज्यानं शेवटचं बटण दाबलं त्याच्या विंडोचं माप लागू होतं. जुन्या आवृत्तीत सगळ्यात लहान विंडोचं माप सगळ्यांवर बसतं. ऑफिसातल्या लॅपटॉपवर सेशन उघडं ठेवून तुम्ही घरी आलात आणि तुमच्या १३२ कॉलमच्या विंडोत ८० कॉलमच दिसत असतील, तर "टीमक्स, स्पेस, अटॅच, स्पेस, हायफन, डी" असं जोडा. ऑफिसातली जोडणी सुटते, काम चालूच राहतं, आणि सेशन तुमच्या विंडोच्या मापात उघडतं.